वॉरंटी वाशिमपर्यंत येते का?

आमच्या वाशिमच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं मी कधी पाहिली नाहीत. त्यात कार्डं आहेत. मिक्सरचं, ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं, स्टॅबिलायझरचं, इस्त्रीचं, फ्रिजचं. यातल्या बहुतेक वस्तू केव्हाच भंगारवाल्याकडे गेल्या. पण कार्डं टाकू का म्हटलं, की आई म्हणते, "राहू दे, काम पडते."

मागच्या वर्षी एका वॉरंटीवरून घरात मोठं रामायण झालं, तेव्हा मी हा डबा पहिल्यांदा नीट उपसून पाहिला. कंपन्या वेगळ्या, सालं वेगळी, अटी बहुतेक इंग्रजीत. पण प्रत्येक कार्डावर खाली एक चौकोन होता : विक्रेत्याचा शिक्का आणि सही. निळ्या शाईतला, जरा तिरका पडलेला शिक्का. त्यात दुकानाचं नाव आणि खाली 'पाटणी चौक, वाशिम'. ज्या वस्तूवरून रामायण झालं, तिचं कार्ड या डब्यात नव्हतं. ते आत्याच्या मोबाइलमध्ये पीडीएफ होतं आणि त्यावर शिक्क्याचा चौकोनच नव्हता.

झालं असं. आत्याला दमा आहे. ऑक्टोबर लागला की आमच्याकडे सोयाबीनची मळणी सुरू होते. थ्रेशरमधून कुटार उडतं आणि ती बारीक धूळ खिडक्या लावल्या तरी घरात येते. डॉक्टरांनी सांगितलं, झाडू हातात घेऊ नका. म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या तिच्या मुलानं दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये व्हॅक्यूम क्लीनर मागवला. दोन वर्षांची वॉरंटी होती. चौथ्या महिन्यात मशीन घरघरलं, जळका वास आला आणि बंद पडलं.

कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी भाषा निवडली, मग पिन कोड टाकला : ४४४५०५. उत्तर आलं, या पिन कोडला घरी येऊन सेवा मिळत नाही. जवळचं सर्व्हिस सेंटर अकोल्यात, म्हणजे ८० किलोमीटरच्या आसपास. आत्या मशीन पिशवीत घालून एसटीनं गेली. ठेवून घेतलं, म्हणून परत आली. आठवड्यानं पुन्हा गेली. सेंटरवाल्यानं सांगितलं, "मॅडम, आत माती गेली आहे. हे वॉरंटीत बसत नाही."

आत्या म्हणाली, "भाऊ, माती ओढाले तं घेतलं ना हे!"

सेंटरवाल्याकडे याचं उत्तर नव्हतं. वस्तू बिघडली तर तिच्या मागे नक्की कोण उभं असतं, आणि तो माणूस आपल्यापासून किती लांब असतो, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला बरंच मागं जावं लागतं.

एका दमेकऱ्याचं यंत्र

हे यंत्र घराघरांत पोचलं तेही एका दमेकऱ्यामुळेच.

१९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरनं धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं. उडवलेली धूळ पुन्हा खालीच बसणार, मग ती ओढून का घेऊ नये, असं त्याला वाटलं. त्यानं म्हणे खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून हवा ओढली आणि रुमालाची खालची बाजू काळी झालेली पाहिली. पण त्याचं यंत्र एवढं अवजड होतं, की घोडे जोडून गाडीवरून आणावं लागे. ते रस्त्यावर उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात जायच्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्रानं साफ झाले होते.

घरात मावणारं यंत्र अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कॅन्टन या गावी तयार झालं. जेम्स मरे स्पँग्लर तिथल्या एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा आणि धुळीनं त्याचा दमा उसळायचा. त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून स्वतःपुरतं यंत्र बनवलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं. पैसा नसल्यामुळे त्यानं ते चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या हूवर कुटुंबाला विकलं.

हूवरनं पुढं जे केलं ते आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं आहे. त्यांनी जाहिरात दिली : दहा दिवस घरी फुकट वापरून पाहा. ज्यांची पत्रं आली, त्यांच्या घरी यंत्र थेट न धाडता त्यांच्याच गावातल्या एखाद्या नावाजलेल्या दुकानाकडे ते पाठवायचं, असं ठरलं. तेच दुकान पुढं कंपनीचं विक्रेतं झालं. अनोळखी यंत्र, अनोळखी कंपनी, पण देणारा दुकानदार ओळखीचा. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीनं दुसरा रस्ता धरला. त्यांचा माणूसच यंत्र घेऊन दारात यायचा.

याच हूवरच्या ब्रिटनमधल्या शाखेनं १९९२ साली मोठा गोंधळ घालून ठेवला. शंभर पौंडांची खरेदी करा आणि विमानाची दोन परतीची तिकिटं फुकट मिळवा, अशी योजना काढली. त्यात पुढं अमेरिकेची तिकिटंही आली. लोकांनी तिकिटांसाठी नको असलेले व्हॅक्यूम क्लीनर घेतले. मग कंपनी टाळाटाळ करू लागली, तेव्हा ग्राहकांनी एकत्र येऊन आपापल्या गावच्या छोट्या कोर्टांत दावे लावले. कंपनीला हे प्रकरण जवळजवळ पाच कोटी पौंडांना पडलं आणि १९९५ मध्ये हूवरचा युरोपातला धंदा विकला गेला. गावातच कोर्ट होतं, म्हणून शे-दोनशे पौंडांसाठी दावा लावणं लोकांना परवडलं.

केरसुणीच्या मुलखात

आपल्याकडे या यंत्राला जागाच नव्हती. ते गालिच्यांसाठी बनलेलं होतं. आपली जमीन आधी शेणानं सारवलेली, मग शहाबादी फरशीची, मग टाइल्सची. आणि केर काढायला केरसुणी, जिला आपण लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहतो. ज्या घरात झाडूलाच लक्ष्मी म्हणतात, तिथं हजारो रुपयांचा झाडू विकायचा कसा?

१९८२ मध्ये मुंबईच्या फोर्ब्स समूहानं इलेक्ट्रोलक्सच्या साथीनं युरेका फोर्ब्स ही कंपनी काढली आणि दारोदार जाण्याची तीच स्वीडिश रीत इथं आणली. शहरातल्या मध्यमवर्गीय सोसायट्यांमध्ये टाय बांधलेला, हातात जड बॅग घेतलेला सेल्समन दिसू लागला. तो गादीवर यंत्र फिरवायचा आणि निघालेली धूळ घरच्यांपुढं धरायचा. आपण यावर झोपतो, हे पाहून माणसं गार पडायची. ही मागणी आधी नव्हती, ती दिवाणखान्यात बसून तयार केली गेली. पण या विक्रीत वॉरंटीला चेहरा होता. यंत्र देणारा माणूस तुमच्या सोफ्यावर बसून चहा पिऊन गेलेला असे.

वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख आणि त्यातले पाचांत चारांहून जास्त लोक खेड्यात. अशा जिल्ह्यात घरात विजेवरच्या वस्तू येण्याचा एक क्रम असतो. पंखा, मिक्सर, टीव्ही, कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन. व्हॅक्यूम क्लीनर रांगेत सगळ्यात शेवटी. त्यात २००५ नंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. दिवसातले कित्येक तास वीज नाही, आली तर व्होल्टेज कधी कमी कधी जास्त. तेव्हा लोक वस्तूआधी स्टॅबिलायझर घ्यायचे.

विक्रीची घड्याळंही दोनच. पहिलं सोयाबीनचं. पीक दसरा-दिवाळीच्या तोंडावर बाजार समितीत येतं आणि तोच पैसा चार दिवसांत शोरूममध्ये जातो. भाव पडला तर फ्रिज पुढच्या वर्षावर जातो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात अनेकांना त्याहून कमी मिळाला. 'हमी' हा शब्द कागदावर असणं आणि हातात पडणं यातला फरक आमच्याकडे वॉरंटी कार्डाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

दुसरं घड्याळ लग्नसराईचं. फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट हे मुलीसोबत पाठवायचं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, तरी या खरेदीला 'भेटवस्तू' म्हटलं की झालं. पण त्यात वॉरंटीचा एक पेच असतो. बिल रिसोडच्या बापाच्या नावावर, वस्तू पुण्याच्या फ्लॅटमध्ये. बिघडल्यावर सेंटरवाला विचारतो, बिल तुमच्या नावावर कुठं आहे? अशा वेळी घाबरायचं कारण नाही. ग्राहक कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त पैसे देणारा नव्हे. त्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो.

व्हॅक्यूम क्लीनर आमच्याकडे आला तो गेल्या काही वर्षांत. जुलै २०१८ मध्ये त्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शहरांत कामवाल्या मावश्यांना इमारतीत येऊ दिलं जात नव्हतं, तेव्हा या यंत्राची मागणी एकदम वाढली. मग हप्ते आणि ऑनलाइन सेल मोबाइलवरून थेट गावात पोचले. ४४४५०५ ला माल पोचवायला कोणाचीच ना नव्हती.

"मी आहो ना"

आता डब्यातल्या शिक्क्याकडे वळू. त्या काळी दुकानात शेवटचा प्रश्न ठरलेला असे. "गॅरंटी आहे का?" दुकानदार कार्ड भरता भरता म्हणायचा, "न्या हो काकाजी, मी आहो ना इथं."

गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे फक्त दुरुस्ती, असं आपल्या बाजारात सगळे सांगतात. मुळात हे दोन्ही एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. जुन्या फ्रेंचच्या एका बोलीत तो 'व'नं सुरू व्हायचा, दुसरीत 'ग'नं, आणि इंग्रजीनं दोन्ही उचलले. कायद्यात मात्र त्यांचे अर्थ वेगळे आहेत आणि ते बाजारातल्या अर्थांशी जुळत नाहीत.

१८७२ च्या करार कायद्यात गॅरंटी म्हणजे जामीनकी. तिसऱ्या माणसानं शब्द पाळला नाही तर मी पाळीन, असं वचन. आणि १९३० च्या मालविक्री कायद्यात 'अट' आणि 'वॉरंटी' असे दोन प्रकार आहेत. अट मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल परत करता येत नाही. म्हणजे वॉरंटी हा शब्दच कायद्यात दुय्यम वचनासाठी आहे.

पाटणी चौकातला दुकानदार "मी आहो ना" म्हणायचा, तेव्हा त्यानं १८७२ चा कायदा वाचलेला नसे. पण तो अगदी जामीनकीच बोलत होता. कंपनी मुंबई-दिल्लीत, तिचं तोंड कोणी पाहिलेलं नाही. तिनं शब्द मोडला तर माझ्याकडे या. त्यामागे धर्मादाय वगैरे काही नव्हतं. पुढच्या लग्नातलं कपाटही आपल्याच दुकानातून जावं, हा हिशेब होता. आणि गावात नाव खराब झालेलं परवडणारं नव्हतं.

याहून जुनी रीतही आठवून पाहा. सुतार-लोहार वर्षभर नांगर-वखर नीट ठेवून द्यायचे आणि खळ्यावर धान्याचं बलुतं घ्यायचे. आजच्या भाषेत वार्षिक देखभाल करार. पण त्या काळाचं गोड चित्र रंगवायला नको. ती सेवा खात्रीची होती, कारण जातीनं बांधलेल्या त्या माणसाला गाव सोडून जाणं सोपं नव्हतं. गिऱ्हाइकाची हमी कारागिराच्या सक्तीवर उभी होती.

सक्तीशिवायही जवळची हमी असू शकते, याचा पुरावा आमच्या गच्चीत उभा आहे. पत्र्याचा कूलर. वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेला. त्याचं कार्ड डब्यात नाही, कारण त्याला कधी कार्डच नव्हतं. दर एप्रिलला त्याचं गवत बदलतं, पंप बदलतो, दोनदा मोटर गुंडाळून झाली. वॉरंटी शून्य दिवसांची आणि कूलर वीस वर्षं चालू आहे. त्याचे सुटे भाग कोणालाही मिळतात, कोणालाही बसवता येतात आणि बसवणारा सायकलवर येतो.

कायदा किती किलोमीटर चालला

जामीन राहणारा दुकानदार बाजूला झाला, तर मधली जागा कोण भरणार? ती भरायचं काम कायद्याचं होतं आणि तो हळूहळू चालत आला.

१९३० चा कायदा विकणारा आणि घेणारा बरोबरीचे आहेत असं धरून चालतो. फसलात तर दिवाणी कोर्टात जा. मिक्सरसाठी दिवाणी दावा कोण लावणार? महाराष्ट्रात या असहायतेविरुद्ध सत्तरच्या दशकात चळवळ उभी राहिली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. तिनं कुटुंबांचे गट करून एकत्र वाणसामान घ्यायची पद्धत रुजवली. देशभरातल्या अशा दबावातून २४ डिसेंबर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्हा, राज्य, राष्ट्रीय असे तीन मंच आले. दोष काढून द्या, वस्तू बदला, पैसे परत करा, भरपाई द्या, असे चारही आदेश हे मंच देऊ शकत होते.

पण १९८६ च्या कायद्यात अंतराची एक मेख होती. तक्रार कुठं करायची? जिथं विकणाऱ्याचं किंवा कंपनीचं कार्यालय आहे किंवा जिथं तक्रारीचं कारण घडलं तिथं. दुकान पाटणी चौकात असेतो ठीक होतं. ऑनलाइन खरेदीत मात्र विक्रेता एका राज्यात, कंपनी दुसऱ्या, गोदाम तिसऱ्या. कारण नक्की कुठं घडलं, यावरच वकील वाद घालायचे.

२० जुलै २०२० ला लागू झालेल्या २०१९ च्या नव्या कायद्यानं ही मेख काढली. ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले : ऑनलाइन कंपनीनं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते.

दुरुस्तीचा हक्क मात्र अजून कायद्यात आलेला नाही. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्रानं त्यासाठी पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथं खुली करावी, ही अपेक्षा. ती पुरी झाली तर आत्याचं मशीन कदाचित आमचा कूलरवालाही दुरुस्त करू शकेल.

'आत माती गेली आहे'

सेंटरवाला अगदीच खोटं बोलत नव्हता. व्हॅक्यूम क्लीनरची छोटी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते आणि बऱ्याच यंत्रांत ती थंड होते ती ओढलेल्या हवेनंच. पिशवी भरली, फिल्टर तुंबला, की हवा कमी पडते आणि मोटर तापते. फिल्टर फाटका असेल किंवा न लावता यंत्र चालवलं, तर धूळ सरळ मोटरमध्ये जाते आणि तिचे कार्बन ब्रश झिजतात. ही चूक वापरणाऱ्याची धरली जाते. म्हणून फिल्टर साफ ठेवणं, तो ओला असताना न बसवणं, कोरड्या यंत्रानं पाणी न ओढणं हे पाळायलाच हवं. नळी, ब्रश, फिल्टर बहुतेक वेळा वॉरंटीत नसतात, हेही घ्यायच्या आधी वाचायला हवं.

पण आत्यानं दुसऱ्या खेपेला एक गोष्ट केली. ती म्हणाली, "जे सांगून राहिले ते लिहून द्या." सेंटरवाल्यानं जॉब शीटवर लिहिलं : फिल्टर ठीक, मोटरमध्ये धूळ.

ती चार शब्दांची ओळ निर्णायक ठरली. फिल्टर शाबूत आहे आणि तरी मोटरमध्ये धूळ आहे, तर ती फिल्टरला वळसा घालून गेली. म्हणजे जोड किंवा सील नीट नव्हतं. हा वापराचा दोष नाही, वस्तूचा आहे. आत्याच्या मुलानं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल, जॉब शीट आणि फिल्टरचा फोटो जोडला. कंपनीनं मान्य केलं नाही तर वाशिमच्याच आयोगात जाऊ, असं मेलमध्ये लिहिलं. तीन आठवड्यांनी कुरिअरवाला मशीन न्यायला दारात आला. ज्या पिन कोडला सेवा नव्हती, त्याच पिन कोडला. नवी मोटर बसून मशीन परत आलं. चूक झाली असं कोणी कबूल केलं नाही. अकोल्याच्या दोन खेपांचं तिकीट आणि बुडालेले दोन दिवस आत्याच्याच खात्यात राहिले. आणि त्या दोन महिन्यांत केर तिनंच काढला, तोंडाला ओढणी बांधून.

अशी किती माणसं दुसऱ्या खेपेला जातच नसतील. वॉरंटी न पाळणाऱ्या कंपनीचा नफा त्या न झालेल्या खेपांत असतो. कायदा आता आपल्या गावापर्यंत आला आहे. पण त्याच्याकडे न्यायला लिहिलेलं काहीतरी लागतं आणि ते मागून घ्यावं लागतं.

परवा आत्यानं त्या पीडीएफची झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली. खालच्या कोऱ्या जागेत बॉलपेननं तारीख, तक्रार क्रमांक आणि १९१५ लिहिलं, सही केली आणि कागद आईकडे दिला. आईनं तो चार घड्या करून डब्यात ठेवला.